प्रत्येक काहिलीला एक

“उतरा!” असं केरबातात्या म्हणाले आणि ते कुणालाच ऐकू आलं नाही.

मी उसाचा रस आटवायच्या मोठ्या काहिलीच्या पलीकडे चार हातांवर उभा होतो. मला त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले, एवढंच. चुलवाणात चिपाडं सारणारा म्हादू त्यांच्याकडे पाठ करून बसलेला. काहील उचलणारे चौघे तंबाखू मळत हुकमाची वाट बघत होते. तात्यांनी पुन्हा तोंड उघडलं, आवाज पुन्हा घशातच राहिला. मग त्यांनी हातातलं लाकडी फावडं काठावर आपटायला उचललं, तर ते त्यांच्या थरथरत्या हातातून निसटून रसात पडलं. तेवढ्यात माझ्या नाकात करपट वास शिरला.

पाक तयार झाल्यापासून काहील उतरायला फार तर दोन मिनिटं मिळतात. त्या दिवशी चार गेली. गार करायच्या वाफ्यात ओतलेला गूळ डांबरासारखा काळा झाला होता. चौघे माझ्याकडे बघत होते, मी तात्यांकडे बघत होतो आणि तात्या जमिनीकडे.

“आण्णा,” ते जवळ येऊन कुजबुजले. जवळ आले म्हणूनच ऐकू आलं. “दुसरा गुळव्या बघा.”

याला आता बारा वर्षं झाली. गुऱ्हाळ माझं, म्हणजे भूपाल आण्णाचं. पाटी माझ्या नावाची, पण राज्य केरबातात्यांचं. माझ्या वडलांनी त्यांना आणलं तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. तेव्हापासून त्यांनी माझ्या काहिलीत कधी घड्याळ बघितलं नाही की यंत्र लावलं नाही. नाक पुढे करायचे, पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचे, दोन बोटांत वळून बघायचे आणि ओरडायचे, “उतरा!” तो आवाज असा की पाटाच्या पलीकडे भांगलणाऱ्या बायका दुपारच्या काहिलीच्या ‘उतरा’वर भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसायच्या. आमच्या शिवारात दुपार झाली हे ठरवायचा अधिकार सूर्यापेक्षा तात्यांकडे जास्त होता.

आणि शिव्या! कामात चुकलेल्याला त्यांनी दिलेली शिवी तो माणूस घरी जाऊन बायकोला हौसेनं सांगायचा. असा माणूस तीन वर्षांत आटत गेला. आधी हात कापायला लागले. मग पाय उचलेनात, जमिनीवरून घासत चालायला लागले. चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं; हसू नाही, राग नाही, शिवी नाही. तालुक्याच्या गावच्या एका डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्या दिल्या. उन्हाळ्यात गुऱ्हाळ बंद झालं, पावसाळ्यात तात्या बरेच सुधारले. आम्ही म्हटलं, गोळ्या लागू पडल्या. दसऱ्याला काहील चढली आणि दिवाळी सरेतो परत तेच, उलट वाढलेलं. गोळ्या दुप्पट झाल्या, फरक शून्य.

गावानं निकाल देऊन टाकला होता: केरबाला गुऱ्हाळानं खाल्लं.

मी दुसरा गुळव्या बघितला नाही. एक तर तात्यांशिवाय गुऱ्हाळ ही कल्पनाच मला करता येईना. दुसरं म्हणजे मला राग आला होता; कुणाचा ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली आणि त्यांच्या दारात उभी केली. त्यांची बायको बाहेर आली.

“हौसाक्का, तात्यांची हुती न्हवती तेवढी औषधं घ्या पिशवीत. कोल्हापूरला जायचंय. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरीणबाईकडं.”

“आता आणि काय बघायचं ऱ्हायलंय?” हौसाक्का म्हणाल्या. पण पिशवी भरायला आतही गेल्या.

डॉक्टर शर्वरी नेर्लेकर चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला एकदम मोकळ्या. आधीच्या डॉक्टरांच्या कागदांचा गठ्ठा त्यांनी बाजूला ठेवला आणि तात्यांना खोलीत चालायला लावलं. अंगठा-बोट एकमेकांवर आपटून दाखवायला सांगितलं. मनगटं धरून हळूहळू फिरवली.

“आजोबा, कापायला आधी कुठला हात लागला? उजवा की डावा?”

“दोन्ही,” तात्या पुटपुटले.

“एकदमच?”

“जोडीनंच वो,” हौसाक्का म्हणाल्या. “दोन्ही भाऊ एकदमच बिघडले.”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग खणातून चार-पाच लहान बाटल्या काढल्या, तात्यांना डोळे मिटायला सांगितले आणि एक बाटली त्यांच्या नाकाशी धरली.

“कशाचा वास येतोय?”

“लवंग,” तात्या म्हणाले. मग जरा थांबून, “तेल काढून घेतलेली हाय. फशिवलंय तुमाला.”

बाईंच्या भुवया वर गेल्या. दुसरी बाटली.

“कापी. भरून लई दिस झालं. वल लागलीया.”

तिसरी साबणाची. ती तर त्यांनी बूच काढायच्या आत ओळखली. मला राहवेना. मी बाईंना द्यायला म्हणून आमच्या गुळाचा एक लहान रवा, म्हणजे छोटी ढेप, फडक्यात बांधून आणला होता. तो पुढे केला.

“ह्ये सांगा बगू, तात्या.”

तात्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. “मंगळवारची दुसरी काहील. मळी काढायचं भेंडीचं पाणी जरा जादा पडलंय. म्हादूला सांगा, हात आवर म्हणावं.”

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. दवाखान्यात डॉक्टर असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मला धड हसावं की घाबरावं कळेना.

“आण्णा, ऐका,” त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या. “हात कापणं, अंग ताठणं, चालणं मंदावणं, हे दिसायला एकच. पण म्हाताऱ्या माणसांत त्याची कारणं वेगवेगळी असतात. एक म्हणजे खरा कंपवात. तो बहुतेक वेळा एका बाजूनं सुरू होतो. त्यात कितीतरी जणांचा वास घ्यायचा गुण हात कापायच्या आधीच जातो, आणि त्याच्या गोळ्यांनी माणूस बऱ्यापैकी सुधारतो. यांचे दोन्ही हात एकदम बिघडले, गोळ्यांना दाद नाही, आणि नाक तर माझ्या नाकापेक्षा तल्लख.”

“म्हंजे कंपवात न्हाई?” हौसाक्कांनी पदर तोंडाशी नेला.

“इतक्यात तसं म्हणत नाही. दुसरं कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं. पण या कागदांतला मेंदूचा फोटो स्वच्छ आहे. तिसरं म्हणजे बाहेरून अंगात काहीतरी जाणं. औषधं दाखवा.”

हौसाक्कांनी पिशवी टेबलावर उपडी केली. रक्तदाबाची गोळी, कंपवाताच्या गोळ्या, गुडघ्याला लावायचं तेल, खोकल्याची रिकामी बाटली. बाईंनी एकेक पाकीट वाचलं आणि मान हलवली.

“यात काही नाही. आणखी काही घेतात? झाडपाला, काढा, पित्ताचं काही?”

“ह्याच्या भाईर घरात एक पुडी न्हाई,” हौसाक्का म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

“पावसाळ्यात बरं वाटतं, दसऱ्यानंतर बिघडतं, असं मघाशी म्हणालात. म्हणजे गुऱ्हाळ बंद असलं की बरं.” त्या माझ्याकडे बघायला लागल्या. “तिथे धूर कोंडतो का? मोठ्या आगीच्या धुरानंही असं होऊ शकतं.”

म्हणजे गाव म्हणत होतं ते खरं. माझ्या चुलवाणानं हा माणूस खाल्ला.

“मी रविवारी येते,” बाई म्हणाल्या. “मला तिथलं सगळं डोळ्यांनी बघायचंय. तोवर काही बदलू नका. रोज जसं चालतं तसंच चालू दे.”

काही बदलू नका म्हटल्यावर मी काय केलं असेल? शनिवारी धुराडं खरवडून काढलं, अंगण शेणानं सारवलं, म्हादूला दाढी करून यायला सांगितलं. जप्ती यायची असल्यासारखं मला वाटत होतं. मनाशी ठरवून टाकलं होतं: दोष धुराचा निघाला तर गुऱ्हाळ बंद. वडलांचं असलं तरी बंद. माझ्या गुळासाठी मला तात्यांचा जीव नको होता.

रविवारी सकाळी आठला बाई आल्या, पायात पळायचे बूट घालून. आल्या आल्या आलं-लिंबू घातलेला रस दोन पेले प्याल्या. आमच्याकडे पाहुण्यानं एका पेल्यावर थांबलं तर आम्हाला शंका येते, त्यामुळे माझं मत तिथेच चांगलं झालं. तात्या हौसाक्कांचा हात धरून बाजेवर बसले होते. फावडं त्या दिवसांत दुसऱ्याच्या हातात असायचं. तात्या नुसतं नाक वर करून खुणेनं सांगायचे.

बाई चुलवाणाभोवती फिरल्या, वाकून आत बघितलं, धूर कुठून निघतो आणि कुठे जातो ते बघितलं. सगळीकडून उघडी शेड, वारा आरपार. मग त्या म्हादूसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“तुम्ही इथे किती वर्षं बसता?”

“अठरा.”

“हात पुढे करा.”

म्हादूनं दोन्ही हात पुढे केले. काळेकुट्ट, आणि भिंतीत ठोकलेल्या खुंट्यांसारखे स्थिर.

“धुरानं झालं असतं तर ते आधी यांना झालं असतं,” बाई वळून म्हणाल्या. “आण्णा, तुमचं चुलवाण निर्दोष आहे.”

माझा जीव भांड्यात पडला. इतका आनंद झाला की मी तिसरा पेला भरून त्यांच्या हातात दिला. आता दुसरी काहील चढत होती. म्हटलं, बाईंना आमचा रिवाजही दाखवू. दर काहिलीला मी तो माझ्या हातानं करतो. चुलवाणाशेजारच्या कोनाड्यात सगळं सामान असतं. उदबत्ती लावली, काहिलीच्या काठाला हळदकुंकू बोट बोट ओढलं, नारळाचं पाणी चार दिशांना शिंपडलं. मग कोनाड्यातला डबा काढून तात्यांच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला आणि खड्याशेजारी गोळी. तात्यांनी दोन्ही सवयीनं तोंडात टाकलं आणि वर पाणी प्याले.

“ते काय दिलंत?” बाईंनी विचारलं.

“गूळ.”

“गुळाबरोबर?”

“ते व्हय?” मी छाती काढून म्हणालो. “ती चकरेची गोळी. आमी काळजी घेतो, बाई. चार वर्सांमागं तात्यांना काहिलीच्या काठावर चक्कर आलती. म्हादूनं सदरा धरला म्हणून, न्हाईतर उकळत्या रसात गेले असते. मी त्याच पावली डॉक्टरकडं पळालो. तेव्हापास्नं एक काहील चुकवली न्हाई.”

“एक काहील?” बाईंचा पेला हातातच राहिला. “म्हणजे प्रत्येक काहिलीला एक?”

“व्हय. काहिलीवरच आलती न्हवं चक्कर!”

“दिवसाला काहिली किती?”

“चार. हंगाम भरात असला की पाच.”

“आणि त्या डॉक्टरांनी किती दिवस घ्यायला सांगितली होती?”

आता मात्र माझा आवाज तात्यांच्या आवाजाएवढा झाला. “पंधरा दिवस. सकाळ-संध्याकाळ.”

“मग चार वर्षं कोण आणतंय?”

कोण आणणार? मीच. दसऱ्याला हंगामाचं सामान भरायचं तेव्हा चुना, उदबत्ती, नारळ, फडकी आणि चकरेच्या गोळ्यांचा एक खोका. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागत नव्हता. कोल्हापूरला बाईंनी औषधं विचारली तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. पण खरं सांगतो, माझ्या डोक्यातही आलं नाही. औषध म्हणजे घरच्या पिशवीतलं. कोनाड्यातलं ते गुऱ्हाळाचं सामान; ते कुणी औषधात धरतं का?

बाईंनी डब्यातलं पाकीट उन्हात धरून वाचलं. मग शांतपणे खाली बाजेवर तात्यांच्या शेजारी बसल्या.

“आजोबा, चोर सापडला. चकरेवरची ही गोळी, उलटीची, पित्ताची काही औषधं म्हाताऱ्या माणसांना जास्त दिवस दिली की हुबेहूब कंपवातासारखं होतं. तुम्ही तर दिवसाला पाच खाल्ल्यात. आजपासून ही बंद. कंपवाताच्या गोळ्या मी सांगेन तशा हळूहळू उतरवू, तुम्ही आपल्या मनानं सोडायच्या नाहीत. सुधारायला महिने लागतील. एखाद्याच्या अंगात खरा आजार दबून असतो आणि औषध त्याला वर काढतं, म्हणून वर्षभर मी तुम्हाला तपासत राहणार. पण ज्याला लवंगेतलं तेल काढलेलं कळतं, त्याच्याबद्दल मला पुष्कळ आशा आहे.”

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

“आण्णा,” हौसाक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “माझ्या म्हाताऱ्याला चार वर्सं इख घातलंसा? आणि वर गुळाचा खडा?”

“चुकलो, हौसाक्का.” माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. साठ वर्षांचा मालक गड्यांसमोर रडतोय याची लाज मला वाटली नाही. “मला वाटलं, ह्यांना राखतोय.”

तेवढ्यात बाज करकरली. बघतो तर तात्यांचं अंग गदगदत होतं. चेहरा तसाच, कोरा. पण खांदे उडत होते, पोट हलत होतं. आम्ही घाबरलो. हौसाक्कांनी धावत जाऊन त्यांचे खांदे धरले.

“काय हुतंय वो? काय हुतंय?”

तात्या हौसाक्कांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. त्या पदराआड हसायला लागल्या.

“काय म्हणालेत?” मी विचारलं.

“म्हणत्यात, मी हसालोय. तोंड साथ देईना, पर पोटात लई हसालोय. म्हणत्यात, ह्या आण्णानं काहिलीची पूजा करायची ती माझीच करून सोडली.”

बाईंनी जाता जाता आणखी एक विचारलं. “ती चक्कर आली तो दिवस कुठला होता?”

“म्हाशिवरात,” म्हादू म्हणाला. “तात्यांचा निर्जळी उपास हुता.”

“उपाशी माणूस सकाळपासून आगीशेजारी उभा,” बाई म्हणाल्या. “त्याला गोळी नको होती हो. भाकरी हवी होती.”

तो हंगाम आम्ही कसातरी ओढला. तात्या घरी बसले आणि मी दर आठवड्याला गुन्हेगारासारखा त्यांच्या दारात जायचो. शिमग्यापर्यंत काही फरक दिसला नाही. मी मनात देवाला वाटेल ते कबूल करून बसलो. पाडव्याला त्यांनी सदऱ्याची बटणं स्वतः लावली. वैशाखात पाय उचलून चालायला लागले. पाऊस सुरू झाल्यावर एकदा मी चिखलाच्या पायांनी त्यांच्या सोप्यात शिरलो, तर आतून एक अस्सल, रांगडी, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी शिवी आली. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. चार वर्षांत मला कुणी इतकं गोड बोललं नव्हतं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, शिवी खाऊन नाचणारा मालक तिनं पहिल्यांदा बघितला.

पण खरी परीक्षा दसऱ्याची होती. दर वर्षी पावसाळ्यात ते सुधारायचेच. आता काहिलीशेजारी उभं राहिल्यावर काय होतं ते बघायचं होतं. आदल्या दिवशी मी कोनाडा रिकामा करून पुसून काढला. सकाळी हौसाक्का आल्या आणि त्यांनी तिथे भाकऱ्यांची चवड आणि झुणका फडक्यात बांधून ठेवला.

“प्रत्येक काहिलीला चतकोर,” त्यांनी मला दटावलं. “आणि पंधरा दिस न्हाई, आण्णा. जलमभर.”

उदबत्ती झाली, हळदकुंकू झालं, नारळ झाला. मी तात्यांच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि ओठांची दोन्ही टोकं वर गेली, डोळ्यांशेजारी सुरकुत्या पडल्या. कोऱ्या पाटीवर कुणी अक्षर काढावं तसं ते हसू मला दिसलं. त्यांनी भाकरीचा चतकोर खाल्ला, धोतराला हात पुसले आणि फावडं उचललं.

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. हौसाक्का, म्हादू, चौघे गडी, सगळे काहिलीकडे बघायचं सोडून तात्यांच्या हातांकडे बघत होते. रस उकळला, मळी निघाली, पाक दाटला. तात्यांनी नाक पुढे केलं. थेंब पाण्यात सोडला, दोन बोटांत उचलून वळला. बोटं हलली नाहीत. चौघांनी काहिलीच्या कड्यांना हात घातला. तात्यांनी छाती भरून श्वास घेतला.

“उतरा!”

पत्र्यावरची कबुतरं उडाली. डॉक्टरीणबाईंच्या हातातला रस सांडला. काहील वेळेवर उतरली, सोनेरी पाक वाफ्यात पसरला.

तेवढ्यात पाटाच्या पलीकडून, उसाच्या आडून एका बाईचा चिरका आवाज आला.

“तात्या, अवो, आत्ता कुटं साडेधा झाल्यात! भाकरी सोडायची का न्हाई?”

तात्यांनी फावडं खाली ठेवलं, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि पाटाकडे वळले.

“सोडा गं बायांनो!” ते ओरडले. “आज सोडा!”